दादाच्या दारावरची पाटी



मागच्या आठवड्यात सांगलीहून एका मैत्रिणीचं पत्र आलं. पत्र म्हणजे चक्क पोस्टकार्ड, बरं का! ती सातवीत आहे. अक्षर मोत्यासारखं, पण मजकूर रागावलेला. ती लिहिते, "माझा चुलतभाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो घरूनच काम करतो. काम म्हणजे काय, तर तासन् तास स्क्रीनकडे बघत बसतो. मध्येच खिडकीबाहेर बघतो. आम्ही काही विचारायला गेलो की खेकसतो. काकू म्हणते, त्याला त्रास देऊ नका, तो कामात आहे. पण तो तर काहीच करत नसतो! मग त्याला पगार कशाचा मिळतो?"

प्रश्न फक्कड आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात नाहीतर शेजारी असा एखादा दादा किंवा ताई असेलच. उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. साताऱ्यात गोडोलीला आमच्या भिंतीला भिंत लागून असाच एक दादा राहतो. आधी तो पुण्याला एका कंपनीत होता. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा लॅपटॉप काखोटीला मारून घरी आला, तो इथेच राहिला. आता दूध डेअऱ्यांना लागणारे प्रोग्रॅम लिहितो. माडीवर त्याची खोली आहे, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. आणि खोलीच्या दारावर एक पाटी आहे:

"सकाळी ८ ते ११ आत येऊ नये. घराला आग लागली असल्यास यावे."

या पाटीवर त्याच्या आजीचा भारी राग. "आग लागल्यावर आधी पाटी वाचत बसायचं का रे?" असं त्या येता-जाता विचारतात.

एका सकाळी मी त्याची परवानगी काढून कोपऱ्यात स्टुलावर जाऊन बसलो. अट एकच, बोलायचं नाही. अर्ध्या तासात त्याने चार ओळी लिहिल्या आणि त्यातल्या तीन पुसल्या. दोनदा खिडकीबाहेर बघितलं. एकदा कागदावर चौकोन काढले, त्यांना बाण जोडले आणि कागद चुरगाळून टाकला. मला सांगलीच्या मैत्रिणीची आठवण झाली. खरंच, हा करतो काय?

अकरा वाजले तसं मी विचारलंच. तो हसला. म्हणाला, "काका, पत्त्यांचा बंगला बांधलाय कधी? मी तेच करत होतो. फक्त बंगला डोक्यात असतो, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

मग त्याने समजावून सांगितलं ते असं. संगणकाला स्वतःची अक्कल नसते. कोणतं काम कोणत्या क्रमाने करायचं ते बारीकसारीक सांगावं लागतं. त्यालाच प्रोग्रॅम म्हणायचं. तुमच्या पाठ्यपुस्तकात कदाचित 'आज्ञावली' असा भारदस्त शब्द असेल. आता दूध संकलन केंद्रावर काय होतं बघा. आजीबाई किटली घेऊन आल्या. दूध मोजलं. फॅट काढलं. फॅटवरून भाव ठरला, भावावरून पैसे ठरले. ते त्यांच्या खात्यावर चढले. मग दहा दिवसांनी बिल काढताना उचल घेतलेली पेंड त्यातून वजा झाली. यातली एक गोष्ट बदलायची म्हटली की तिचा धक्का बाकीच्यांना बसतो. 'हे असं केलं तर तिकडे काय होईल, आणि तिकडे तसं झालं तर बिलात काय होईल,' हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरून ठेवावं लागतं. एक पत्ता दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर. आणि नेमकं सहावा पत्ता ठेवताना कुणीतरी दार ढकलून विचारतं, "अरे, चहा ठेवू का?"

बंगला खलास! चहाचं उत्तर द्यायला दोन सेकंद लागतात, पण पत्ते पुन्हा उभे करायला पंधरा-वीस मिनिटं. म्हणून तो खेकसतो. खेकसावं असं माझं म्हणणं नाही, पण का खेकसतो ते कळलं.

तुम्हाला पटत नसेल तर घरच्या घरी एक प्रयोग करा. ताईला सांगा, मनात येतील ते सात आकडे सावकाश वाच, साधारण सेकंदाला एक. ते ऐकून लगेच त्याच क्रमाने म्हणून दाखवा. जमेल. मग आठ, मग नऊ. आता पाय लटपटू लागतील. जॉर्ज मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली यावर एक लेख लिहिला. आपल्याला एका वेळी डोक्यात धरता येणाऱ्या गोष्टींचा आकडा सातच्या आसपास असतो, असं त्यात म्हटलं होतं. तो लेख फार गाजला. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी त्याचा पुन्हा धांडोळा घेतला. मनात आकड्यांचे गट पाडायची युक्ती वापरू दिली नाही, तर हा आकडा चारच्या आसपासच येतो, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे आपल्या डोक्याचं टेबल केवढंसं! चार वाट्या मावतील एवढं. मोबाइलचा दहा आकडी नंबर आपल्याला पाठ असतो तोसुद्धा 'अठ्ठ्याण्णव, बावीस' असे गट करूनच.

प्रयोगाचा दुसरा भाग जास्त मजेचा आहे. या वेळी ताई आकडे वाचून झाली की तुम्ही उत्तर द्यायच्या आत आईने विचारायचं, "काल डब्यात भाजी कोणती होती?" भाजीचं नाव सांगा आणि मग आकडे सांगून दाखवा. बघा किती उरतात ते!

आता दादाची एक चूक सांगतो. त्याची परवानगी घेतली आहे. उलट तोच म्हणाला, लिहा म्हणून.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका डेअरीने म्हशीच्या दुधाचा भाव लिटरला दोन रुपयांनी वाढवला. नवा भाव दुसऱ्या दिवसापासून लागू करायचा होता. प्रोग्रॅम जुना, दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेला. त्यात भाव तीन ठिकाणी लिहिलेले होते. एकदा सकाळच्या दुधासाठी, एकदा संध्याकाळच्या दुधासाठी आणि एकदा केंद्राच्या भिंतीवर लावायचं दरपत्रक छापण्यासाठी. दादाने सकाळचे भाव बदलले. संध्याकाळच्या भावाकडे वळणार तोच मोबाइल वाजला. घरच्या गटावर चुलतबहिणीच्या लग्नाचं कार्यालय ठरत होतं. त्यावर पस्तीस निरोप. त्यात ऑफिसमधून एक निरोप आला, त्याला उत्तर दिलं. मग मित्राने माकडाचा एक व्हिडिओ पाठवला होता, तो बघितला. वीस मिनिटांनी दादा कामावर परतला, दरपत्रकाचे भाव बदलले आणि हुश्श म्हणून झोपला.

मधले भाव राहिले! संध्याकाळचं दूध जुन्याच भावाने धरलं जाऊ लागलं. संगणकाने तक्रार केली नाही. तो करणारही नाही. जुना भाव हाही आकडाच की.

दहा दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात बिलाच्या दिवशी एक आजी केंद्रावर आल्या. त्यांची एक म्हैस. संध्याकाळचं चार लिटर दूध घालतात. त्यांनी दहा दिवसांच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या आणि बरोबर सहावीतली नात होती. नातीने वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली होती. तिचं उत्तर बिलापेक्षा ऐंशी रुपयांनी जास्त येत होतं. केंद्रावरचे सचिव म्हणाले, "बाळ, कॉम्प्युटर चुकत नसतो." नात भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "मग त्या कागदावर नवा भाव आहे आणि आमच्या संध्याकाळच्या पावतीवर जुना कसा?"

चार लिटर, दोन रुपये, दहा दिवस. करा गुणाकार. बरोबर ऐंशी!

हे एका आजीचे झाले. त्या गावात अशी शंभराच्या वर खाती आणि त्या डेअरीला दूध घालणारी अशी कितीतरी गावं. घराघरात किराण्याचा, वह्यांचा, औषधाचा हिशेब त्या दहा दिवसांच्या बिलावर असतो. पैसे पुढच्या बिलात सगळ्यांना मिळाले, पण दादाला दोन दिवस केंद्राकेंद्रांना फोन करावे लागले. त्या नातीच्या गावी तर तो स्वतः मोटारसायकलवरून गेला. जाताना कंपासपेटी घेऊन गेला होता. ती म्हणाली, "माझ्याकडे आहे. आजीचे पैसे द्या."

परत आल्यावर दादाने पहिलं काम केलं ते असं. भाव तीन ठिकाणचे काढून एकाच ठिकाणी लिहिले. बाकी दोन ठिकाणी संगणकाला फक्त सांगितलं, 'भाव तिथून घे.' आता विसरायचा प्रश्नच नाही. बदलायची जागाच एक.

हे 'तिथून घे' ऐकलं आणि मला वाई आठवली. साताऱ्याहून वाई जवळच, तासाभराचा रस्ता. ढोल्या गणपती बघायला तुम्ही गेला असाल. पण त्याच गावात कृष्णाकाठी माणसांनी माहितीच्या एका मोठ्या पुराला बांध घातला, हे पुष्कळांना माहीत नसतं. मराठी विश्वकोश तिथे तयार झाला. प्रमुख संपादक होते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. जगातल्या सगळ्या विषयांची माहिती मराठीत आणायची. अणूपासून आकाशगंगेपर्यंत, हत्तीपासून हरभऱ्यापर्यंत. कल्पना करा, १९६० नंतरचा काळ, टेबलावर संगणक नाही, सगळं कागदावर. लिहिणारे तज्ज्ञ ठिकठिकाणचे, विषय हजारो. कुठून सुरुवात करणार?

त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडते. कोशाचा पहिला खंड निघाला १९७६ साली. पण त्याच्या तीन वर्षं आधी, १९७३ साली, त्यांनी नुसता शब्दांचा एक संग्रह काढला, परिभाषा संग्रह. कोणत्या इंग्रजी संज्ञेला मराठीत कोणता शब्द वापरायचा, ते आधी ठरवून टाकलं. नाहीतर एक लेखक एक शब्द वापरणार, दुसरा दुसरा, आणि वाचणारा बिचारा दोन्ही वेगळ्या गोष्टी समजणार. दादाला हे सांगितलं तेव्हा तो टुणकन उठून बसला. म्हणाला, "काका, आम्ही हेच करतो! कशाला काय नाव द्यायचं ते आधी ठरवलं नाही तर पुढे गोंधळच गोंधळ."

आणि दुसरी गोष्ट म्हणजे बाण. विश्वकोशाचा कुठलाही खंड शाळेच्या ग्रंथालयातून काढा आणि उघडा. मजकुरात मधूनमधून कंसात एक छोटासा बाण दिसेल आणि त्यापुढे एखादा शब्द. म्हणजे काय, तर या शब्दाची माहिती इथे पुन्हा सांगत नाही, ती त्याच्या जागी आहे, तिकडे जा. तीच गोष्ट चार ठिकाणी लिहायची नाही. एकदाच, नीट, तिच्या जागी लिहायची आणि बाकी ठिकाणाहून बाण दाखवायचा. दुधाच्या भावाचंही तेच झालं की नाही?

लक्ष्मणशास्त्री १९९४ साली वारले. काम पुढे इतरांनी चालवलं आणि विसावा खंड २०१५ साली पुरा झाला. इतकी वर्षं, इतकी माणसं बदलली, तरी काम तुटलं नाही. सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असतं तर तुटलं असतं. आता हे सारे खंड इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, तेव्हा बाणाची खूण तिथेही शोधा.

बरं, कोशातली माहिती गरीब असते. कपाटात बसून राहते, आपण उघडेपर्यंत तोंड उघडत नाही. मोबाइलमधली माहिती तशी नाही. ती आपल्या खिशात शिरून ओरडते. तिचं काय करायचं?

इथे जगातल्या एका बड्या प्रोग्रॅमरची फजिती सांगतो. लिनस टोरवाल्ड्स हे फिनलंडमध्ये हेलसिंकीला शिकत होते. १९९१ साली, एकविसाव्या वर्षी, त्यांनी संगणकाच्या पोटात चालणारा एक मूळ प्रोग्रॅम लिहायला घेतला. तोच लिनक्स. तुमच्या घरातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या आत आज तोच बसलेला असतो. त्यांनी तो सगळ्यांना खुला केला. कुणालाही काही सुधारणा सुचली तर ई-मेलने पाठवावी, ते बघणार आणि घेणार. आधी दहा-वीस माणसं होती. मग शेकडो झाली. १९९८ च्या सुमाराला इतक्या सुधारणा येऊ लागल्या, की त्यांच्याकडून काही हरवूही लागल्या. पाठवणारे चिडले, भांडणं झाली, लिनसही वैतागले. माणूस हुशार, पण टपाल एका माणसाला पेलणारं नव्हतं!

पुढे हळूहळू व्यवस्था बसत गेली. एकेका भागाची जबाबदारी एकेका भरवशाच्या माणसाकडे. बाहेरून आलेली सुधारणा आधी त्याने तपासायची, आणि चाळून उरलेलं तेवढं लिनसकडे. २००५ साली तर त्यांनी या कामासाठी 'गिट' नावाचं एक साधनच लिहून काढलं, तेही काही दिवसांत. कुणी, केव्हा, काय बदललं आणि कशासाठी, याची नोंद ते ठेवतं. जणू कधीच पान न फाडलेली रफ वही. आमचा दादाही तेच वापरतो.

मला हे ऐकताना काही नवल वाटलं नाही, कारण आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी एवढी मोठी वारी जाते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून साताऱ्याच्या हद्दीत येते आणि लोणंदला मुक्काम करते. लाखो माणसं. प्रत्येकाची काही ना काही अडचण. कुणाचा टँकर आला नाही, कुणाची वस्तू हरवली. सगळेच चालता चालता बोलू लागले तर पालखी पंढरपूरला पोचेल का? म्हणून वारकरी दिंड्यांत विभागलेले असतात. बारीकसारीक अडचणी दिंडीतल्या दिंडीत सुटतात. संध्याकाळी मुक्कामावर समाजआरती होते. सगळीकडे टाळ चालू असतात. चोपदार दंड उंचावून पुकारा करतात आणि सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते! मग चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकतात. हरवलं-सापडलंही तेव्हाच पुकारलं जातं. दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, आणि जिला खरंच काही सांगायचंय त्याच दिंडीचं. तुम्ही कधी लोणंदला किंवा तरडगावला पालखीच्या मुक्कामी गेलात तर ती शांतता जरूर ऐका.

डोनाल्ड कनुथ नावाचे अमेरिकेतले एक प्राध्यापक तर याच्याही पुढे गेले. १९३८ साली जन्मलेले हे गृहस्थ प्रोग्रॅम लिहिण्याच्या शास्त्रावर एक महाग्रंथ लिहीत आले आहेत. सुरुवात १९६२ साली, पहिला खंड १९६८ साली, आणि २०२२ सालीही त्याचा एक भाग निघाला. ई-मेल त्यांनी १९७५ च्या सुमारापासून वापरली, म्हणजे तुमच्या आजोबांनी ते नावही ऐकलं नव्हतं तेव्हापासून. आणि १ जानेवारी १९९० ला बंद करून टाकली! ज्यांना जगात काय चाललंय त्याच्या माथ्यावर राहायचं आहे त्यांनी ई-मेल खुशाल वापरावी, आपल्याला गोष्टींच्या तळाशी जायचंय, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं. मग लोकांनी काय करायचं? टपालाने पत्र पाठवायचं. ती साठवून ते एकदम बघतात. गंमत म्हणजे त्यांच्या पुस्तकात नवी चूक दाखवून दिली तर बक्षीस असतं, दोन डॉलर छप्पन्न सेंट. दोनशे छप्पन्नच का, ते गणिताच्या बाईंना विचारा. दोनला दोनाने गुणत गुणत जा, म्हणजे सापडेल.

अर्थात कनुथसाहेबांना हे जमतं, कारण ते कनुथसाहेब आहेत. आमच्या दादाने ई-मेल बंद केली तर कंपनी त्याचा पगार बंद करील! त्याने आपल्यापुरता वेगळा मार्ग काढलाय. सकाळी आठला मोबाइल खाली स्वयंपाकघरात जातो, डब्यांच्या फळीवर, डाळीच्या डब्याशेजारी. अकराला आणि पाचला तो निरोप बघतो. कंपनीत सांगून ठेवलंय, 'खरंच काही अडलं तर आजीच्या नंबरवर फोन करा.' आता पुण्याहून साहेबांचा फोन आला की आजी विचारतात, "इतकं काय नडलंय? त्याला उठवू, का अकरापर्यंत चालेल?" साहेब जरा विचार करतात आणि म्हणतात, "चालेल आजी, अकरा वाजताच करतो." चार महिन्यांत त्यांनी दादाला दोनदाच हाक मारली. दोन्ही वेळा काम खरंच अडलेलं होतं. आजी आमच्या आळीच्या चोपदार झाल्यात म्हणा ना!

लॅपटॉपशेजारी एक शंभरपानी वही असते. वरती लिहिलंय, 'नंतर'. काम करताना मध्येच आठवतं, विजेचं बिल भरायचं राहिलंय. तो उठत नाही. वहीत एक ओळ लिहितो, 'वीजबिल', आणि परत बंगल्यात. आणि उठायचंच झालं, तर उठण्याआधी शेवटची ओळ लिहितो. मी डोकावून बघितली: 'सकाळचं झालं. संध्याकाळचं राहिलंय.' अशी ओळ त्या रात्री लिहिली असती तर कोरेगावला जावं लागलं नसतं, असं तोच म्हणाला.

आईबाबांनो, हा मजकूर तुम्ही वाचत असाल तर एक विचारू? मुलांच्या शाळेच्या गटावर रात्री साडेदहाला 'उद्या गणिताची वही आहे का?' असा निरोप पडतो आणि त्यावर चाळीस जण 'हो', 'ओके' आणि हात जोडल्याची चित्रं पाठवतात. मुलांनो, तुमचा मोबाइलवर जास्त वेळ जातो म्हणून तुम्हाला बोलणी बसतात ना? हे त्यांना वाचून दाखवा. माझं नाव सांगितलंत तरी चालेल.

दादाचं सगळंच मला पटतं असं नाही. घरच्या गटाचा आवाज त्याने कायमचा बंद केलाय, ते मला आवडलेलं नाही. आणि ती पाटी! गेल्या वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला. त्याची धाकटी बहीण पाचवीत. यादीत तिचं नाव आलं. शाळेतून ती धावत घरी आली, आजीने पैसे दिले, कोपऱ्यावरून पाव किलो कंदी पेढे आणले, आणि पुडा घेऊन माडीवर गेली. दारावर पाटी. घड्याळात दहा पस्तीस. पोर शहाणी, आग तर लागलेली नव्हती! ती तिथेच पायरीवर पुडा मांडीवर घेऊन पंचवीस मिनिटं बसून राहिली. अकराला दादा दार उघडून बाहेर आला तर ही पायरीवर, डुलक्या घेत.

त्याला काय वाटलं असेल ते तो बोलला नाही. संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्याने दोन पेढे माझ्या हातावर ठेवले आणि मार्कर घेऊन पाटीसमोर उभा राहिला. आठ ते अकरा तसंच ठेवलं. खालच्या ओळीत मात्र भर घातली. आता तिथे लिहिलंय:

"घराला आग लागली असल्यास किंवा पेढे असल्यास यावे."

तर सांगलीच्या मैत्रिणी, तुझ्या चुलतभावाच्या दारावर अजून पाटी नसेल, तर अक्षर तुझं चांगलं आहे, तूच एक करून दे. वेळा त्याला विचार. खालची ओळ तू ठरव आणि काय लिहिलंस ते मला कळव. पोस्टकार्डावरच कळव, मला घाई नाही.

तुमचा,
काका